नून आणि सहा नुक्ते : एका कॅनव्हासच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

अरबी कॅलिग्राफीचं काम फायनल झालं एकदाचं. ५ फूट बाय ४ फूट कॅनव्हास, मुंबईतल्या एका डॉक्टरांच्या नव्या फ्लॅटच्या हॉलसाठी. माणूस मूळचा आमच्याच खाडीपलीकडचा, अब्बांच्या ओळखीतला, त्यामुळे भाव सांगताना माझी जीभ जरा अडखळलीच, पण १५ हजार ॲडव्हान्स आला. त्यांना काय हवंय ते त्यांनी पाठवलेल्या सात फोटोंवरून कळतंच, सगळीकडे काळ्यावर चकचकीत सोनेरी अक्षरं आणि कोपऱ्यात काबा. खाली मेसेज, "सोफा टर्कॉइज आहे, तेवढं बघा."

मी कळवलं की आयत, म्हणजे कुराणातलं वचन, मी निवडतो आणि रंगपण मीच बघतो. सोफा तुम्ही बघा, हे मनात म्हटलं.

आयत ठरलेलीच होती माझी, कित्येक वर्षं डोक्यात घोळतेय. सूरह (अध्याय) अल-कलम, कुराणातली ६८वी, पहिलीच ओळ. "नून. वल-कलमि व मा यस्तुरून." म्हणजे नून, शपथ कलमेची, आणि ते जे लिहितात त्याची. आता ज्याचं पोट लेखणीवर चालतं त्याने आणखी काय लिहायचं? आणि रत्नागिरीच्या माणसाला कलम शब्द दोनदा लागू पडतो. आमच्याकडे "कलमं किती?" असं विचारलं तर कोणी पेन मोजत नाही, हापूसची झाडं मोजतात. ती कलम, ते कलम, शिवाय कोर्टाचं कलम वेगळंच. मूळ अरबी शब्द, त्याच्याही मागे ग्रीक कालामोस, म्हणजे बोरू. कागद, दौत, शाई, दफ्तर, लिहिण्याचं आपलं अख्खं सामान अरबी-फारसीतून आलेलं आहे आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही, मलाही जेजे आर्ट स्कूलला जाईपर्यंत वाटलं नव्हतं.

रचनेत एक गंमत आहे ती आजच कागदावर दिसली. ओळ नूनने सुरू होते, म्हणजे अरबी न, वाटीसारखं अक्षर. सुटा नून. आणि शेवटचा शब्द यस्तुरून, त्यात रे (र) पुढच्या अक्षराला जोडत नाही, वावपण (व) जोडत नाही, म्हणजे शेवटचा नूनही सुटाच उरतो. दोन्ही टोकांना पूर्ण वाटीचा नून. पहिला अख्खा कॅनव्हास भरेल एवढा आणि बाकीची ओळ त्याच्या वाटीत, असा कच्चा विचार. हे मी शोधून काढलेलं नाही, जुन्या लोकांनी नूनच्या पोटात ओळी बसवलेल्या आहेत. पण जमवायचं मलाच आहे.

१९ जानेवारी

हत्यारं. कागदावरच्या सरावाला ४ मिलिमीटरचा बोरू आहेच, कॅनव्हासच्या ओळीला २ सेंटिमीटर रुंदीचा लागणार. बागेच्या कुंपणातला माणगा बांबू कापला, जाड सालीचा, दोन पेरांमधला सरळ तुकडा. आधी शेपटी तासायची, मग बाजू, मग मधली चीर, आणि शेवटी तिरका काप. तो काप एका झटक्यात पडायला हवा, दुसऱ्यांदा सुरी लावली की टोकाला दात येतात. पूर्वीचे लोक यासाठी हस्तिदंताची नाहीतर हाडाची छोटी पट्टी वापरायचे, मकता म्हणतात तिला. माझा मकता म्हणजे सनमायकाचा तुकडा. पाच बोरू वाया गेले, सहावा बरा.

देवनागरी कॅलिग्राफीत माझी दहा वर्षं गेली, आणि अरबीकडे आल्यावर हात बराच काळ भांडत होता. डावं-उजवं सोडा, ते महिन्याभरात जमतं. खरी अडचण वेगळी आहे. आपलं अक्षर शिरोरेषेला लोंबतं, दोरीवर कपडे वाळत घातल्यासारखं. अरबी अक्षर खालच्या रेषेवर बसतं, आणि त्यातली काही त्या रेषेच्या खाली पाय सोडून बसतात, विहिरीच्या काठावर बसल्यासारखी. वजन कुठे आहे तेच बदलून जातं.

२६ जानेवारी

शाई केली. बाजारात मिळते, पण रमजानच्या आधी एकदा स्वतः करायचीच होती. जवसाच्या तेलाचा दिवा, वर उपडी पितळी ताटली, म्हणजे आपण काजळ धरतो तसंच. रात्रभर धरून जेमतेम दोन चमचे काजळी. ती डिंकाच्या पाण्यात खलायची, खलायची, खलायची, हात दुखेपर्यंत, मग आणखी तेवढंच. इस्तंबूलच्या सुलेमानिया मशिदीत तेलाच्या दिव्यांची काजळी एका खोलीत ओढून घ्यायची सोय होती आणि त्याची शाई करायचे असं सांगतात. आमच्याकडे अम्मीने ताटली बघितली आणि दुसरी ताटली मिळणार नाही असं जाहीर केलं.

दौतीत कच्च्या रेशमाचा बोळा घातला. त्याने बोरू हवी तेवढीच शाई उचलतो, ठिबकत नाही. गावातला एक म्हातारा मिस्त्री बघायला आला होता, म्हणाला आमच्या शाळेत दौतीत चिंधी घालायचे. तीच आयडिया.

२ फेब्रुवारी

सराव. अरबी लिखाण शिकवणाऱ्या माझ्या उस्तादांना रोज संध्याकाळी फोटो पाठवतो, ते फोटोवर लाल रंगाने ठिपके मांडून परत पाठवतात. नावगाव लिहीत नाही त्यांचं, त्यांना आवडत नाही.

ज्यांना या भानगडी माहीत नाहीत त्यांच्यासाठी: अरबी अक्षराला फुटपट्टी लागत नाही. कलम कागदावर तिरकी टेकवून ओढली की जो चौकोनी ठिपका पडतो तो नुक्ता, आणि सगळं माप त्या नुक्त्यात. आमच्या पद्धतीत सुलुस लिपीचा (अरबी लिखाणाची एक शैली) अलिफ, म्हणजे उभ्या दांड्याचं पहिलं अक्षर, ७ नुक्ते उंच. माझी कलम ४ मिलिमीटरची, तिरका नुक्ता साधारण साडेपाच मिलिमीटर, म्हणजे अलिफ झाला ४ सेंटिमीटर. कलम बदला, नुक्ता बदलतो, अक्षर आपोआप त्याच्यामागे जातं. ही प्रमाणाची पद्धत इब्न मुकला या बगदादच्या वजिराच्या नावावर आहे. राजकारणात पडला, उजवा हात तोडला गेला, कैदेतच मेला, साल ९४०. हजार वर्षांहून जास्त झाली आणि मी खाडीकाठी बसून अजून त्याचेच ठिपके मोजतोय.

आज ४० वेळा फक्त "यस्तुरून". उस्तादांचा व्हॉइस मेसेज नऊ सेकंदांचा: "रे जाडी आहे तुझी. जेवून आल्यासारखी."

सरावाचे कागद कचऱ्यात टाकता येत नाहीत, त्यावर आयत आहे. काजळीची शाई पाण्याने निघते, त्यामुळे अम्मी घमेल्यात पाणी घेऊन कागद धुते आणि ते काळं पाणी मागच्या एका कलमाच्या मुळाशी ओतते. तुर्कीत शिकल्यासवरलेल्या माणसाला शाई चाटलेला म्हणतात. आमच्याकडे सध्या हापूस शिकतोय.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस बाद. लिहून ठेवतो म्हणजे पुढे परत हा शहाणपणा करणार नाही.

कागदावरची ओळ शेवटी उस्तादांनी पास केली होती. मित्राचा प्रोजेक्टर आणला, फोटो काढला, कॅनव्हासच्या मापाच्या ब्राउन पेपरवर ५ पट मोठा करून टाकला आणि पेन्सिलने कडा गिरवत बसलो, दोन तास, मस्त वाटत होतं, गाणी लावली होती. लाईट लावून मागे जाऊन बघतो तर अक्षरं मेलेली. अक्षरशः फुगलेली, पाण्यात पडून वर आल्यासारखी. कागदावर हाताचा जो बारीक कंप डोळ्याला दिसतही नव्हता तो ५ पट झाला की अलिफच्या पाठीवर टेंगूळ. शाई जिथे कागदात जराशी पसरली होती तिथे सूज. आणि जी शेपटं केसासारखी बारीक होऊन संपत होती ती झाडूच्या काडीएवढी जाड होऊन मध्येच तुटल्यासारखी. माप सगळं बरोबर, नुक्ते मोजले तर ७ चे ७, आणि तरी अक्षर खोटं.

उस्तादांना फोटो पाठवला. बराच वेळ टायपिंग, टायपिंग, मग फक्त "राकिमला विचार" एवढंच.

मुस्तफा राकिम, उस्मानी (ऑटोमन तुर्की) काळातला खत्तात, म्हणजे सुलेखनकार, १८२६ मध्ये वारला. मोठ्या अक्षरांचं, म्हणजे भिंतीवर, दरवाजावर, उंचावर लिहायच्या सुलुसचं गणित त्याने सोडवलं असं सगळे मानतात. त्याच्या आधीच्यांची मोठी अक्षरं बघितली तर आज मला जे झालं तेच, लहान हाताचं अक्षर ताणलेलं. आणि राकिम नुसता खत्तात नव्हता, चित्रकारपण होता, सुलतानाचं पोर्ट्रेट काढलेला माणूस. मला वाटतं तिथेच मेख आहे. चित्रकाराला माहीत असतं की लांबून बघायचं चित्र लांबूनच काढावं लागतं. मोठं अक्षर मोठं म्हणूनच लिहायला लागतं, मोठ्या कलमेने, खांद्यातून, फोटो ताणून ते येत नाही.

मित्राला प्रोजेक्टर परत. पेट्रोलचे दीडशे गेले.

१५ फेब्रुवारी

२ सेंटिमीटरच्या बांबूने प्रत्यक्ष मापात लिहितोय. नुक्ता आता २.८ सेंटिमीटर, अलिफ २० च्या आसपास. बसून जमत नाही, उभं राहून, कंबरेतून वळून. उस्मानी लोक मोठ्या कामाचा नमुना गडद कागदावर पिवळ्या शाईने लिहायचे, आणि ती पिवळी शाई हरताळाची. म्हणजे तोच हरताळ, जो आपल्याकडे पोथीत चुकलेलं अक्षर बुजवायला लावायचे आणि ज्यावरून आपण हरताळ फासला म्हणतो! एकाच दगडाच्या पुडीने तिकडे लिहिलं, इकडे पुसलं. हे वाचल्यावर मी अर्धा तास काम सोडून लोकांना फोन करत सुटलो, कोणालाही एवढं एक्साइट झालेलं नाही.

हरताळात आर्सेनिक असतं, त्यामुळे मी पिवळा पोस्टर कलर आणि काळा कार्डशीट. पिवळं अक्षर काळ्यावर चुकलं की काळ्याने कड दुरुस्त करायची, मग परत पिवळं. असं चार दिवस. ओळ दोन मजल्यांत बसवली, खाली "वल-कलमि व मा", वर "यस्तुरून". उभे दांडे एकूण पाच येतात, अलिफ, लाम (ल), परत लाम, "मा"चा अलिफ आणि तोयचा (यस्तुरूनमधला त) दांडा, आणि सगळी रचना या पाचांवर तोललेली आहे, मंडपाच्या खांबांसारखी. चौथा खांब अजून उपरा वाटतोय.

२० फेब्रुवारी

पुण्याचा एक जुना वर्गमित्र दोन दिवस राहून गेला. पेंटिंग करतो, ॲबस्ट्रॅक्ट. रात्री ओट्यावर वाद. त्याचं म्हणणं, तू अजून नुक्ते मोजतोयस, जगात लोक अक्षराची मोडतोड करून कुठल्या कुठे गेले. त्याने मोबाइलवर एल सीड दाखवला. मला माहीत होता, पण रात्रीच्या शांततेत परत बघितला. पॅरिसकडे वाढलेला ट्युनिशियन आईबापांचा मुलगा, अरबी लिहाय-वाचायला शिकला तेव्हा जवळजवळ अठरा वर्षांचा. २०१६ मध्ये कैरोच्या मनशियत नासरमध्ये, जिथे शहराचा कचरा गोळा करणारे कॉप्टिक ख्रिश्चन लोक राहतात, तिथे सुमारे ५० इमारतींवर मिळून एकच वर्तुळ रंगवलं. एका घरावर नुसता पांढरा-निळा-नारिंगी फराटा, दुसऱ्यावर अर्धी वाटी, खाली उभं राहून काही म्हणजे काही कळत नाही, पण मुकत्तम टेकडीवरच्या एका जागेवरून बघितलं की सगळं जुळतं. आणि वाक्य कोणाचं, तर संत अथनासियस या अलेक्झांड्रियाच्या बिशपचं, ज्याला सूर्याचा प्रकाश नीट बघायचाय त्याने आधी आपले डोळे पुसावेत.

मित्र म्हणाला, बघ, कुठे आहेत तुझे नुक्ते. मी म्हटलं अरे, जुळतंय कशामुळे? माप चुकलं असतं तर ५० घरांवर ५० फराटेच राहिले असते. त्याचं सुलुस नाही, त्याची पद्धत त्याची स्वतःची आहे हे मान्य, पण टेकडीवरच्या त्या एका डोळ्यासाठी प्रत्येक गच्चीवरचा तुकडा किती ताणायचा हे कोणीतरी मोजलंच आहे ना.

मग नजा महदावी निघाला, ट्युनिशियाचाच, १९३७ चा जन्म. त्याची अक्षरं वाचायचीच नाहीत, शब्द होतच नाहीत, नुसती अक्षरांची लय, चामड्यावर, ढोलांवर. ते मला बघायला फार आवडतं, करायला जमणार नाही. माझ्या घरात अम्मी आहे, ती आल्या आल्या "काय लिहिलंस?" विचारणार, आणि तिला "काही नाही, लय आहे" हे उत्तर देण्याची माझी तयारी नाही.

माझा माणूस हसन मसूदी. १९४४, नजफ, इराक. तरुणपणी बगदादमध्ये खत्तातांच्या हाताखाली पाट्या आणि अक्षरं, १९६९ मध्ये पॅरिसला गेला चित्रकार व्हायला, तिथे चित्रकला शिकला, आणि फिरून परत अक्षराकडेच आला. पण येताना रंग घेऊन आला. एक शब्द, प्रचंड मोठा, निळ्या नाहीतर तांबड्या एका-दोन फराट्यांत उभा, आणि खाली बारीक ओळीत पूर्ण वाक्य. हत्यारं स्वतः बनवलेली, रुंद. मला त्याच्यात जे आवडतं ते हे की पाटी रंगवणाऱ्याचा हात त्याने लपवला नाही. जो निळा फराटा एका श्वासात मारल्यासारखा दिसतो त्याच्याखाली हाताला लागलेला सांगाडा आहे, आणि तो नसेल तर कितीही भारी रंग ओता, अक्षर लंगडंच चालतं. मी हे आधी केलेलं आहे, म्हणून सांगतोय, २०१९ च्या माझ्या तीन कॅनव्हासवर रंग सुंदर आहेत आणि अक्षरं बघवत नाहीत. एक अजून मावशीकडे लटकतोय, तिच्याकडे जेवायला बसलो की मी त्याच्याकडे पाठ करून बसतो.

वाद काही मिटला नाही. मित्र सकाळच्या गाडीने गेला, जाताना पिवळ्या-काळ्या नमुन्याचे बारा फोटो काढून घेऊन गेला.

२३ फेब्रुवारी

मोठा नून मारला.

आधी अम्मीची अट. आयतीचं काम जमिनीवर नाही. आणि उभ्या कॅनव्हासवर पातळ रंग ओघळणार, म्हणजे आडवाच हवा. उपाय: आंब्याच्या रिकाम्या पेट्या. शेडमध्ये सीझनची वाट बघत रचून ठेवलेल्या असतात, त्यातल्या १८ घेतल्या, तीन तीनचे सहा ठोकळे, वर प्लायवूड, वर कॅनव्हास. कमरेएवढी उंची, अगदी परफेक्ट. अब्बा म्हणाले, "मार्चपर्यंत दिल्या. नंतर मागू नको हां."

हत्यार: १६ सेंटिमीटरची प्लायची पट्टी, कडेला फोम, वरून जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाचं कापड. ३१ वेळा वर्तमानपत्रावर मारून बघितलं. नुसतं एक अक्षर आहे म्हणून वर्तमानपत्र अम्मीने चालवून घेतलं. वाटीच्या तळाशी आलं की रंग संपायचा, नाहीतर डाव्या काठाला वर चढताना पट्टी उडायची. शेवटी कळलं की मी हाताने ओढतोय, पायाने चालायला पाहिजे. नून काढताना कॅनव्हासच्या बाजूने दोन पावलं डावीकडे सरकायचं, हात जवळजवळ स्थिर ठेवायचा.

वुजू केलं, म्हणजे नमाजाआधीसारखे हातपाय-तोंड धुतलं, बिस्मिल्ला म्हटलं, अल्ट्रामरीनमध्ये थोडा काळा, दह्यापेक्षा पातळ ताकापेक्षा घट्ट. चार सेकंद. वाटी ११० सेंटिमीटर, तळाला रंग भरगच्च, वर चढताना फ्लॅनेलचे धागे दिसतात तशी सुकी खरड, आणि डावं टोक एकदम सुरीसारखं. मी पट्टी हातात धरून तसाच उभा. मागून अब्बा, "झालं? एवढंच?"

२८ फेब्रुवारी

डॉक्टरांचा फोन. निळा का, टर्कॉइज का नाही. आणि "मागे थोडं इस्लामिक डिझाईन टाका ना, ते स्टार-स्टार". अष्टकोनी तारा दोन चौकोन फिरवून दहा मिनिटांत निघतो, प्रश्न तो नाही. मी त्यांना विजापूरच्या इब्राहिम रोजाचे फोटो पाठवले. तिथल्या खिडक्यांच्या जाळ्या बघा म्हटलं, दगडातून अरबी अक्षरंच कोरून काढलीत, अक्षर हीच जाळी, उजेड अक्षरांमधून आत येतो. वेगळं डिझाईन कशाला लागतंय. त्यांनी थम्स-अप पाठवला. पटलं की कंटाळले माहीत नाही. पार्श्वभूमी कोरी, जुन्या कागदाच्या रंगाची, कायम.

४ मार्च

रोजे सुरू. दिवसा हात कापतो, शाळकरी मुलासारखी रेघ येते. तरावीहनंतर (रमजानमधली रात्रीची नमाज) रात्री ११ ते अडीच काम, मग सहरी (रोजाआधीचं पहाटेचं खाणं). शांत असतं, फक्त समुद्र आणि कुत्री.

११ मार्च

खाका. नमुन्याच्या कडेकडेने सुईने भोकं पाडली, दोन रात्री, बोटाला घट्टा. मग तो कागद कॅनव्हासवर चिकटवायचा आणि कोळशाच्या पुडीची पोटली हळूहळू आपटायची, ठिपक्या ठिपक्यांनी ओळ खाली उतरते. पाटी रंगवणारे जुने पेंटर असंच करायचे, इस्तंबूलच्या आया सोफियातल्या साडेसात मीटर व्यासाच्या ८ गोल पाट्या ज्याने लिहिल्या त्या काझीअस्कर मुस्तफा इज्जतच्या काळातही नमुने असेच टोचून उतरवायचे. आणि लहानपणी शेजारच्या काकूंकडे दिवाळीत उदबत्तीने भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद असायचा, रांगोळीचे ठिपके टाकायला, तो मी धरून बसायचो. त्यात आणि यात फरक काहीच नाही, फक्त इथे हलला तर चालत नाही.

नुक्त्यांचा खाका वेगळ्या कागदावर केला, कारण नुक्ते सोन्याच्या वर्खाचे करायचेत. एवढं सोनं डॉक्टरांसाठी. ओळ गेरूच्या तांबड्यात.

१७ मार्च

ओळ भरून झाली. चौथा खांब मी अर्धा नुक्ता उजवीकडे सरकवला होता, आता उपरा वाटत नाही. "रे"पण बरी आहे, निदान उपाशी दिसते.

वर्खाला त्रास. हवेत दमट एवढं की खालचा चिकट थर वाळून हवा तसा होतच नाही, बोट लावलं की दोरा सुटतो. पंखा लावला. मध्यरात्रीनंतर एकेक नुक्ता बसवला, श्वास धरून, वर्ख श्वासानेही उडतो.

१९ मार्च

सहरीला अम्मी पाणी द्यायला खोलीत आली, कॅनव्हासकडे बघितलं आणि म्हणाली, "वल-फलम काय लिहिलंस रे?"

माझ्या पोटात गोळा. बड्या काफवर (कलममधला क) दोन नुक्ते लागतात, मी एकच बसवलाय. जोडलेल्या मधल्या रूपात काफ आणि फे (फ) दिसायला एकसारखेच, दोन नुक्ते तर काफ, एक तर फे. कलमचं फलम करून ठेवलं. एकूण सहा नुक्ते आहेत ओळीत, पहिला नून एक, काफ दोन, ये दोन, शेवटचा नून एक. मी पाच लावले आणि तीनदा मागे जाऊन बघून "वा" म्हटलं. कारण काय, तर पंखा. खाक्याची कोळशाची पूड एका जागची उडून गेली, नुक्त्याची खूणच राहिली नाही.

अम्मीला अरबीचा अर्थ येत नाही. पण पन्नास वर्षं रोज वाचलेलं आहे, डोळा अडतो तिचा. मी अर्थासकट, मापासकट, इब्न मुकलासकट बघत होतो आणि मला दिसलं नाही.

उस्तादांना सांगायची हिंमत नव्हती, पुण्याच्या मित्राला सांगितलं. त्याने शोधून काढलं की मोरोक्कोकडच्या मगरिबी लिपीत काफला वर एकच नुक्ता असतो आणि फेचा खाली जातो, तर तू मगरिबी म्हणून खपव. हुशार आहे. पण सुलुसच्या अंगावर मगरिबी टोपी, कोणाला फसवायचं, अम्मीला?

२२ मार्च

सहावा नुक्ता बसवला. वर्खाची पहिली वही संपली होती, दुसऱ्या वहीचा रंग जरासा लिंबट. लांबूनही कळतं, पाच नुक्ते एक कुटुंब आणि हा पाहुणा. दोन दिवस विचार करत बसलो की सहाही तांबडे करून टाकू का. पण अगदी जुन्या कुराणांमध्ये तांबडे ठिपके स्वरांसाठी असायचे, ज्याला माहीत असेल तो गोंधळेल. तसा माणूस डॉक्टरांच्या हॉलमध्ये येणार कधी, पण तरी नको.

पाचही खरवडले. दुसऱ्या वहीने सहाच्या सहा परत. यावेळी पंखा बंद, घामाची धार, टॉवेल कपाळाला बांधून. मोजले. अम्मीला बोलावून मोजून घेतले. तिने बोटाने हवेत एकेक दाखवत वाचलं, "वल-कलमि", आणि पुढचं न बोलता निघून गेली.

२४ मार्च

अब्बा पेट्या घ्यायला आले. पहिली तोड झाली, १८ पेट्या पाहिजेत म्हणजे पाहिजेत. मी म्हटलं अजून वार्निश बाकी आहे, अब्बा म्हणाले आंबा थांबत नाही. शेवटी शाळेचे दोन बाक मागून आणले, चौघांनी धरून कॅनव्हास उचलला, त्यात दोघे तोडणीचे गडी, हात चिकाने काळे. त्यांना आधी हात धुवायला लावले. एकाने विचारलं हे काय आहे, मी म्हटलं कलम. तो शेडकडे बघून हसला.

३१ मार्च

ईद. काम नाही. शीरखुर्मा तीन वाट्या.

६ एप्रिल

वार्निशचे दोन हात, मॅट. सही केली खाली डाव्या कोपऱ्यात, छोटी, देवनागरीत.

१२ एप्रिल

टेम्पोने मुंबई. आंब्याच्या पेट्यांसोबतच गेला कॅनव्हास, उभा बांधून, मध्ये गाद्या. डॉक्टरांकडे पोचवला, त्यांनी बराच वेळ काही न बोलता बघितलं, मग बायकोला हाक मारली. त्यांच्या आईपण आल्या, खुर्चीत बसूनच त्यांनी चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचलं, न अडखळता. सोफा खरंच टर्कॉइज आहे. अल्ट्रामरीनच्या शेजारी वाईट दिसत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. उरलेले पैसे त्याच दिवशी आले.

१९ एप्रिल

आज उस्तादांना फायनल फोटो पाठवला, फलमचा किस्सापण सांगून टाकला. खूप हसले, अम्मीला सलाम सांग म्हणाले. मग फोटो मोठा करून बघितला असणार, कारण पाच मिनिटांनी दुसरा मेसेज आला. शेवटच्या नूनची वाटी तळाला अर्धा नुक्ता उथळ आहे. आणि "व मा"चा वाव मान खाली घालून उभा आहे. बरोबर आहे, मलाही आता तेच दिसतंय आणि आता ते दिसायचं थांबणार नाही.

"परत रब्बी यस्सिरपासून," म्हणाले. तो पहिला धडा, नवशिक्याला पहिल्या दिवशी देतात. रब्बी यस्सिर व ला तुअस्सिर, देवा सोपं कर, अवघड करू नको. बोरूला नवा काप दिला आहे, ४ मिलिमीटर. अम्मीकडे ताटली मागितली, नाही म्हणाली.